काचेतली पाल

लहानपणी आमच्या घरात पाल मारण्याचं काम माझ्याकडे होतं. भाऊ तीन, पण तिघांनाही पालीची किळस. मी उंचीने बरी आणि हाताने अचूक. बाणकोटच्या खाडीलगतचं आमचं घर जांभ्या दगडाचं, वर कौलं. मगरिबनंतर कंदिलाभोवती किडे जमले की वाशांमधून पाली एकेक करून खाली उतरत. आजी चटईवर बसल्या बसल्या तस्बीह थांबवायची आणि मला हाक मारायची, "आली बघ ती. मार. एका फटक्यात मारलीस तर सवाब जास्त." मग मी चप्पल काढायची.

त्यामागची गोष्ट आजीनेच सांगितलेली. नमरूदने हजरत इब्राहीम यांना आगीत टाकलं तेव्हा सगळे प्राणी आपापल्या परीने आग विझवायला धावले. बेडूक तोंडातून पाणी आणत होता. पाल तेवढी आगीवर फुंकर घालत होती. आजीच्या तोंडून ऐकताना ती फुंकर मला खरोखर ऐकू यायची. शेजारच्या कुळकर्ण्यांकडे पालीचं वेगळंच होतं. कुणी काही बोलत असताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं होणार, असं त्या काकू म्हणत. अंगावर पडली तर कुठल्या अवयवावर पडली त्याप्रमाणे फळ काय, ते त्यांच्या पंचांगात छापलेलं असे. त्यांच्याकडे पाल मारत नसत आणि आमच्याकडे सोडत नसत. त्यांच्या घरच्या पाली आमच्यापेक्षा जाड होत्या, एवढं मात्र आम्हा पोरांच्या नजरेत आलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण घडलं ते बर्मिंगहॅमला. मुलगा तिथे वीस वर्षांहून अधिक काळ राहतो. सून श्रीवर्धनकडची, पण जन्मली वाढली तिकडेच. पाहुणी म्हणून सहा महिने राहण्याचा व्हिसा मिळतो. २०२४ च्या मे महिन्यात मी गेले. जाताना सूनबाईंसाठी आमसुलं, कुळथाचं पीठ आणि सुका जवळा नेला. धाकट्या नातवासाठी काय न्यावं ते मला कळत नव्हतं. तो अकरा वर्षांचा. मागच्या खेपेला माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपणारा, या खेपेला सलाम करून बाजूला उभा राहिला.

जूनमध्ये त्याच्या वर्गातल्या एका मुलाचं कुटुंब दुसऱ्या गावी निघालं. त्यांच्याकडे पाळलेलं एक जनावर होतं, ते नेता येत नव्हतं. नातवाने आईबापांच्या मागे लागून ते मिळवलं. एका प्लॅस्टिकच्या डब्यात ओल्या कागदावर बसून ते आलं. नाव 'बिस्किट', रंगही तसाच. त्याने झाकण उघडून मला दाखवलं आणि मी दोन पावलं मागे सरले.

पाल होती ती. आमच्या पालीपेक्षा मोठी, टीचभर लांब, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी पाठीपर्यंत काटेरी झालर आणि डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखे टोकदार कंगोरे. पण पाय तेच, बोटांच्या गाद्या त्याच, ते थंड बघणंही तेच.

"दादी, ही पाल नाही, क्रेस्टेड गेको आहे," नातू म्हणाला. आमच्यातलं बोलणं इंग्रजी, उर्दू आणि मोडक्यातोडक्या कोकणीत चालतं. इथे मी सगळं मराठीत देते आहे.

"पालच आहे," मी म्हटलं.

"पालींमधलीच एक जात," मुलगा मध्ये पडला. शिक्षिकेच्या पोटी आलेला असल्यामुळे त्याला मधला मार्ग काढायची सवय आहे.

पुढे नातवाने मला त्या जनावराची हकिकत सांगितली आणि ती मात्र मला आवडली. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू कॅलेडोनिया नावाची बेटं आहेत, फ्रान्सच्या ताब्यातली. हे तिथल्या झाडांवर राहणारं. १८६६ साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन लिहिलं. मग कित्येक वर्षं ते कुणाला दिसलंच नाही, जात नष्ट झाली असं समजत. १९९४ साली ते पुन्हा सापडलं. आता त्या बेटांवरून ते बाहेर न्यायला मनाई आहे. जगभर लोकांच्या घरात जे आहेत ते सगळे पाळलेल्यांचेच वंशज. आमचे हे अठ्ठावीस वर्षं मालवाहू बोटींवर होते. त्या बेटांच्या बंदराला त्यांची बोट कधी लागली होती का, हे विचारायला आता ते नाहीत.

खरी अडचण पुढे होती. बिस्किट राहणार कशात?

घरात जिन्याखाली एक फिशटँक रिकामा पडून होता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो होतो तेव्हा मुलाने तो यांच्यासाठी घेतला होता. गुडघ्यामुळे यांना फार चालवत नव्हतं. आधी यांनी नाक मुरडलं. मासा पाण्यात बघायचा नाहीतर ताटात, काचेत काय बघायचा, असं म्हणाले. मग आठ दिवसांत खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायला लागले ते नाश्त्यापासून जोहरपर्यंत. यात खाडीतले निवटे सोडले तर काय मजा येईल, असं नातवाला सांगायचे. निवटे चिखलावर कसे चालतात, खाजणातल्या मुळांवर कसे चढतात, ते हाताच्या पंज्याने टेबलावर करून दाखवायचे. नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. २०२२ मध्ये गावीच यांचा इंतकाल झाला. मासे एकेक करून गेले. टँक सुनेने धुऊन ठेवला, पण आतल्या काचेवर पाणी जिथपर्यंत असायचं तिथे एक पुसट हिरवी रेघ राहून गेली होती.

मुलगा म्हणाला, "अम्मी, अब्बांचा टँक वापरू का?"

मी म्हटलं, "वापर ना. काच काय, पडूनच आहे." मनात आलं ते बोलले नाही. यांच्या माशांच्या जागी पाल!

आता हे काम कसं केलं ते सांगते. दीड महिना चाललं आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यात होते. शाळेला उन्हाळी सुट्टी लागली होती, मुलाने आठवडाभर रजा काढली होती.

फिशटँक आडवा असतो, कारण माशाला पोहायला लांबी लागते. झाडावर राहणाऱ्या जनावराला लांबी नको, उंची हवी. ते जमिनीवर फारसं उतरतच नाही. शिवाय टँकचं तोंड वर असतं. आपण वरून हात घातला की त्याला वाटतं, पक्ष्याने झडप घातली. भीतीने ते उडी मारतं किंवा शेपूट टाकतं. म्हणून टँक त्याच्या आखूड बाजूवर उभा करायचा. मग उंची होते दोन फूट, वरचं उघडं तोंड समोर येतं आणि तळाची काच पाठीमागची भिंत होते. एवढं ऐकल्यावर मला वाटलं, झालं की. उभा करा आणि दार लावा.

तसं नव्हतं. उभा केल्यावर डोक्यावर जी काच येते, ती बंदच. हवा खेळणार कशी? आणि या जनावराला थोड्या अतिनील प्रकाशाचा दिवा असलेला बरा. हाडांसाठी. तो प्रकाश साध्या काचेतून खाली उतरत नाही, काच तो अडवते. तेव्हा वरची काच काढायला हवी. काचेला भोक पाडता येईल का, तर टँकची एखादी काच, बहुधा तळाची, कडक केलेली असू शकते. तिला ड्रिल लावलं की क्षणात चुरा. म्हणून मुलाने ब्लेडने सांध्यातलं सिलिकॉन कापत कापत ती एक काच अखंड सोडवली. दोन संध्याकाळी गेल्या. मला धास्ती, बाकीच्या काचा कोसळतील. तो म्हणाला, "अम्मी, आता आत पाणी भरायचं नाही. काचांवर जोर पाण्याचा असतो." बोटीवरच्या माणसाचा मुलगा, हे त्याला बरोबर ठाऊक.

त्या जागी ॲल्युमिनियमची जाळी बसवली. प्लॅस्टिकची स्वस्त होती, पण खायला म्हणून सोडलेले रातकिडे ती कुरतडतात. समोर खालच्या बाजूला चार बोटं उंचीची काचेची पट्टी, माती सांडू नये म्हणून. तिच्यावर हवेसाठी जाळीची एक अरुंद पट्टी. खालून थंड हवा आत येते, वरच्या जाळीतून गरम बाहेर जाते. आमच्या जुन्या घरांत भिंतीला खाली झरोका आणि वर कौलांच्या फटी असत, तसंच. त्याच्यावर दार. दाराला मुलाने तीन मिलिमीटर जाडीचं ॲक्रिलिक घेतलं. हलकं, करवतीने कापता येतं, पोराच्या हातून पडलं तरी फुटत नाही. एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला छोटी लोहचुंबकं. या दाराविषयी पुढे बोलायचं आहे.

सगळे सांधे सिलिकॉनने भरले. तेही साधं नाही. बाथरूमला लावतात त्यात बुरशी मारणारं औषध असतं, ते जनावराला घातक. टँकसाठीचं वेगळं मिळतं. ते वाळताना सिरक्याचा वास सुटतो. तीन दिवस बैठकीची खोली लोणचं घातल्यासारखी वास मारत होती. वास पूर्ण गेल्याशिवाय आत जनावर सोडायचं नाही. तोवर बिस्किट त्याच्या डब्यात.

मग आतली सजावट. पाठीमागच्या काचेवर बुचाच्या झाडाच्या सालीचे तुकडे चिकटवले, मधल्या जागेत सिलिकॉन फासून त्यावर भुसा दाबला. तो भुसा बघून मला हसू आवरेना. नारळाच्या काथ्याचा! दाबून विटेसारखा केलेला, रंगीत कागदात गुंडाळलेला, दुकानातून पौंड मोजून आणलेला. पाण्यात टाकला की फुगून बादलीभर होतो. आमच्या परसात सोडणांचा ढीग पडलेला असतो, पावसाळ्याआधी आम्ही ती चुलीत घालतो. नातवाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. "दादी, तुमच्याकडे हे फुकट असतं?" त्या दिवशी माझी किंमत त्याच्या नजरेत बरीच वाढली. भिजवलेला काथ्या हाताने पिळून किती ओला ठेवायचा, हे मी त्याला दाखवलं. तळाला भाजलेल्या मातीच्या गोळ्या, वर जाळी, वर काथ्या आणि माती, त्यावर वाळकी पानं. पानांत बारीक किडे सोडले, ते घाण खाऊन टाकतात. आणि झाड कुठलं, तर मनी प्लांट. तोही मी लावला, पेराखाली तिरका छाट घेऊन.

आतल्या फांद्या तिरक्या लावायच्या, हे मुलाचं वाचन. नुसत्या उभ्या काचेवर हे जनावर डोकं खाली करून झोपतं, मग शेपूट पाठीवर लोंबते आणि कमरेचं हाड वाकडं होतं, असं पाळणारे मानतात. काचेवर ते चिकटतं कसं, हेही त्याने सांगितलं. बोटांखाली डोळ्याला न दिसणारे लक्षावधी केस असतात, त्यांच्या टोकांची आणि भिंतीची अगदी जवळून होणारी ओढ, बस. डिंक नाही, चोखणं नाही. २००२ साली शास्त्रज्ञांनी ते प्रयोगाने दाखवलं म्हणे. साठ वर्षं मी पाली बघत आले, पाय कसे चिकटतात हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी बिस्किट आत गेला. पहिले दोन दिवस दिसलाच नाही. तिसऱ्या रात्री मी तहज्जुदला उठले तेव्हा पेटी बैठकीच्या कोपऱ्यात होती. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडत होता आणि तो मधल्या फांदीवर बसून जिभेने आपला डोळा पुसत होता. त्याला पापणी मिटता येत नाही. मग डोळा चाटून साफ करतो. ते बघून मला यांची आठवण झाली, चष्मा सदऱ्याने पुसायचे ते. काचेवरची हिरवी रेघ आता उभी झाली होती, घासूनही गेली नव्हती.

तेव्हापासून वुजू करून आले की दोन मिनिटं मी तिथे थांबू लागले. संध्याकाळी पेटीत पाण्याचा फवारा मारायचा, रात्रभर ओल, दिवसा थोडं सुकू द्यायचं. ते काम नातवाने मला दिलं. बावीस ते सव्वीस अंश उष्णता त्याला मानवते, अठ्ठावीसच्या वर गेली की त्रास. आमच्या मे महिन्यात ते जनावर दोन दिवस काढणार नाही. खाणं म्हणजे फळांची पूड पाण्यात कालवून, लापशीसारखी, उंचावर अडकवलेल्या वाटीत. हाताळलं की साबणाने हात धुवायचे, कारण अशा जनावरांच्या अंगावर रोगजंतू असू शकतात. हे सूनबाईंनी दारावर लिहून लावलं होतं. माझी जानमाज मी त्या खोलीतून उचलून वर नेली. तेवढं मात्र मी केलं.

सप्टेंबरात नातू एका संध्याकाळी मशिदीतल्या मकतबातून आला तो गप्प. रात्री माझ्याजवळ येऊन बसला. मुलांनी त्याला सांगितलं होतं की गेको मारायचा असतो, पाळायचा नसतो, हदीसमध्ये आहे. "खरं आहे का दादी?"

काय सांगणार? आहे, हे मला ठाऊक होतं. माझं सगळं बालपण त्यावर गेलेलं. पण त्याच विषयात हजरत आयेशा यांची रिवायतही आहे. रसूलल्लाहनी त्या प्राण्याला खोडकर म्हटलं, पण मारायला सांगताना मी ऐकलं नाही, असं त्या सांगतात. हेही मी वाचलेलं होतं. मी आलिमा नाही, निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. कुठली रिवायत कशी लावायची हे माझं काम नव्हे. मी त्याला अबू उमैर या लहान मुलाची गोष्ट सांगितली. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता, तो मेला, तेव्हा रसूलल्लाह त्याच्याजवळ बसून पक्ष्याची विचारपूस करत होते. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची गोष्ट त्याला माहीत होती. "मारायचं सांगितलं आहे ते घरात शिरणाऱ्या पालीचं," मी म्हटलं. "तुझा बिस्किट घरात शिरलेला नाही. त्याला आपण आणलं आहे. आणलं की जबाबदारी आली." माझ्या या फतव्याने त्याचं समाधान झालं. माझं झालं होतं की नाही, मला सांगता येत नाही.

आता ते दार. ॲक्रिलिकच्या एका अंगाला ओल आणि दुसऱ्या अंगाला कोरडी हवा असली की ते हळूहळू वाकतं. काच वाकत नाही. दोन महिन्यांत दाराचा वरचा कोपरा बाहेर आला होता, करंगळीएवढा. लोहचुंबक खाली लागत होतं, म्हणून दार बंद दिसायचं. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

ऑक्टोबरातली रात्र. चारच्या सुमारास मी उठले, वुजूसाठी खाली आले. वरच्या बाथरूमच्या नळाचा आवाज होतो, पोरं जागी होतात, म्हणून मी खालचंच वापरायचे. दिवा लावला आणि समोर फरशीवर, आरशाच्या वर, पाल.

विचार वगैरे काही झाला नाही. हात खाली गेला, चप्पल आली, फटका बसला. एवढं सगळं होईपर्यंत मी आजीच्या घरात होते. मग ठप्पकन काहीतरी बेसिनमध्ये पडलं आणि वळवळायला लागलं. शेपूट. पाल वर तशीच होती, आता अर्धीच वाटत होती, आणि तिच्या डोळ्यांवर ते कंगोरे होते.

बिस्किट पळाला नाही. मी टॉवेलने त्याला धरलं, हात इतके थरथरत होते की आणखी काही मोडतं की काय असं वाटलं. रक्त जवळजवळ नव्हतं. पेटीत ठेवला, दार लावलं, वरचा कोपरा तेव्हा दिसला. तिथे पुठ्ठ्याची घडी खुपसली. शेपूट कागदात गुंडाळून बाहेरच्या कचऱ्यात टाकली. परत वुजू केला आणि नमाजला उभी राहिले, पण त्या नमाजमध्ये काय पढले ते अल्लालाच ठाऊक.

आणि सकाळी मी काही बोलले नाही.

आमच्या घरच्या पालीची शेपूट तुटली तर परत येते. बिस्किटच्या जातीची येत नाही. तुटली की तुटली, जखम भरते आणि एक छोटं टोक राहतं. ही माहिती मला सकाळी नातवाकडूनच मिळाली, रडत रडत. पुठ्ठा आणि वाकलेला कोपरा बघून मुलाने अंदाज केला की रात्री तो दारात अडकला असेल, कुणीतरी पुठ्ठा कधी तरी लावला असेल. पुठ्ठा कुणी लावला हे कुणी विचारलं नाही. नातवाला वाटलं, आपणच दार नीट लावलं नाही. तो शाळेत गेला नाही. दुपारी जेवला नाही. सूनबाई त्याला समजावत होत्या की जंगलातले कित्येक मोठे गेकोसुद्धा बिनशेपटीचेच सापडतात, शेपटीवाचून त्यांचं काही अडत नाही. हे खरंच आहे, पण त्याला ते पटत नव्हतं.

चार दिवस मी गप्प राहिले. चौतीस वर्षं वर्गात मुलांना "खरं सांगितलं तर मारणार नाही" म्हणणारी मी. स्वतःला कारणं देत होते. पोराच्या मनात दादी कशी राहील? मकतबातल्या मुलांचं बोलणं खरं ठरेल. सहा आठवड्यांनी मी जाणारच आहे. यातलं पहिलं कारण तेवढं खरं होतं.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, तो पेटीतली माती काढून तळाला साधा स्वयंपाकघरातला कागद घालत होता, जखमेला घाण लागू नये म्हणून. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी चांगला मालक नाही. त्याला दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकू."

तेव्हा मी सांगितलं. सगळं, चपलेसकट.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "तू मुद्दाम चुकवलंस ना? ओळखलंस म्हणून?"

हो म्हणायची फार इच्छा झाली. पोराने स्वतःच दार उघडून धरलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मारायलाच गेले होते. हात पूर्वीसारखा राहिला नाही, म्हणून नेम चुकला."

तो उठून गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सलामाला जबाब द्यायचा, तोही भिंतीकडे बघून. मुलगा म्हणाला, अम्मी, सांगायची काय गरज होती, भरलंच असतं ते. सूनबाई काही म्हणाल्या नाहीत, पण त्या रात्री माझ्या खोलीत दुधाचा कप ठेवून गेल्या.

तिसऱ्या रात्री दारावर टकटक झाली. "दादी, टॉर्च धरतेस? मला कागद बदलायचा आहे." मी टॉर्च धरला. जखमेवर काळपट खपली धरली होती. तो बिस्किटला एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर चालू देत होता. अचानक म्हणाला, "हात पुढे कर." मी केला. एवढं आयुष्य गेलं, पालीला मी हाताने कधी शिवले नव्हते. ती थंड नव्हती. पाय चिकटत होते आणि सुटत होते, ओल्या कागदासारखे. माझ्या मनगटावरून ती बाहीत शिरायला निघाली तेव्हा मी किंचाळले आणि नातू हसला.

दार मग काचेचं केलं, दोन सरकत्या पट्ट्यांचं, खाली पन्हाळ बसवून. पैसे बरेच पडले. पहिल्यांदाच तसं करायला हवं होतं हे मुलाने कबूल केलं. असली पेटी कुणी करणार असेल तर मी एवढंच सांगेन की टँक जुना चालेल, जाळीत चालढकल चालेल, दारात नको. आणि रात्री खोलीचं दार ओढून घ्यावं. असा गेको नीट पाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे नातवाचं लग्न तो बघेल, मी बघेनच असं नाही.

नोव्हेंबरात मी गावी परतले. घर सहा महिने बंद होतं. २०२० च्या निसर्ग वादळानंतर बदललेले पत्रे गळत नव्हते, पण पाली भरपूर झाल्या होत्या. नातवाचा दर शुक्रवारी व्हिडिओवर फोन येतो. पहिल्याच फोनला त्याने मला मोबाइल फिरवून सगळं घर दाखवायला लावलं. परस, विहीर, सोडणांचा ढीग. ढीग बघून त्याने भावाला हाक मारली. मग स्वयंपाकघरात ट्यूबलाइटजवळ एक पाल बसलेली त्याला दिसली.

"दादी, जवळ ने ना."

मी स्टुलावर चढले. गुडघ्यामुळे मला चढू नको म्हणून सांगितलेलं आहे.

"शेपूट आहे का तिला?"

"आहे," मी म्हटलं.

"मग तशीच धर फोन," तो म्हणाला. "हलू नकोस."